संगणकाचा कोरलेला पत्ता

मुंबईच्या उपनगरांत जेवणाच्या डब्यावर पुष्कळदां दोन खुणा आढळतात: एक भांड्यांच्या दुकानांत कोरून घेतलेलें नांव, आणि दुसरी डबेवाल्यानें झांकणावर रंगविलेली खूण. बिऱ्हाड अंधेरीहून मुलुंडास हललें कीं रंगाची खूण बदलावी लागते. कोरलेलें नांव डब्याबरोबरच जातें. जाळ्यांत जोडलेल्या संगणकासहि असेच दोन पत्ते असतात. जागेप्रमाणें बदलणारा तो आयपी पत्ता; जोडणीच्या कार्डाबरोबर कारखान्यांतून येणारा तो हार्डवेअर पत्ता.

या उपनगरांस जाळ्यांची ओळख जुनी आहे. १९८६-८७ च्या सुमारास जुहूचें नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून संगणकीय टपाल जाऊं येऊं लागलें. तेथें टेलिफोनचा क्रमांक पुरे होई. परंतु एकाच तारेवर अनेक यंत्रें असलीं तर संदेश कोणासाठीं आहे, हें कसें कळावें? यासाठीं ईथरनेट पद्धतीच्या १९८० सालच्या प्रमाणलेखांत प्रत्येक कार्डास ४८ बिटांचा क्रमांक ठरविण्यांत आला. त्यांतील पहिले २४ बिट कारखानदाराची खूण असून, ती आय-ट्रिपल-ई ही संस्था नेमून देते. उरलेले २४ कारखानदार स्वतः भरतो.

युनिक्सच्या कुळांतील यंत्रणेंत हा क्रमांक प्रोग्रामास कसा मिळावा? लिनक्समध्यें एक सॉकेट उघडावें, जोडणीचें नांव द्यावें, आणि ‘आयओसीटीएल’ या हांकेनें यंत्रणेच्या गाभ्यास, म्हणजे कर्नलला, प्रश्न विचारावा. तो सहा बाइट भरून देतो. याहून सोपा मार्ग असा कीं, ‘सिस्’ निर्देशिकेंतील ‘क्लास’ व तींतील ‘नेट’ येथें प्रत्येक जोडणीच्या नांवाखालीं ‘ॲड्रेस’ नामक फाइल असते, ती वाचावी. बीएसडी आणि मॅक यांच्या यंत्रणांत ‘गेटआयएफॲड्र्स’ हें फंक्शन सर्व जोडण्यांची यादी देतें. तींतून ‘लिंक’ जातीची नोंद निवडावी. सर्वांस लागू पडेल असा एकच मार्ग नाहीं, म्हणून प्रत्येक यंत्रणेसाठीं निराळा भाग लिहावा लागतो.

उत्तर मिळालें तरी तें पारखून घ्यावें लागतें. एकाच यंत्रांत तारेची, बिनतारी आणि कल्पित यंत्रांची अशा कितीतरी जोडण्या असतात. यंत्रानें स्वतःशींच बोलण्याची जी ‘लूपबॅक’ जोडणी, तिचा पत्ता लिनक्समध्यें सहा शून्यांचा असतो. यादींतील पहिला पत्ता हाच खरा, असें धरणारा प्रोग्राम फसतो. शिवाय, मिळतो तो चालू पत्ता. यंत्राचा धनी तो बदलूं शकतो. पहिल्या बाइटमधील शेवटून दुसरा बिट १ असेल, तर तो पत्ता कारखान्याचा नसून स्थानिक आहे असें समजावें. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून त्या पद्धतीचे फोन बिनतारी जाळ्यांत सामान्यतः असाच यादृच्छिक पत्ता सांगतात.

त्या बदलामागें अनुभव आहे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधून तयार होणाऱ्या दस्तऐवजांत कार्डाचा क्रमांक लेखकाच्या नकळत उतरत असे, ही गोष्ट १९९९ सालीं उघडकीस आली, आणि त्या कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली. याउलट, जे प्रोग्राम परवाना याच क्रमांकाशीं बांधतात, त्यांत कार्ड बिघडून नवें बसविलें कीं प्रामाणिक ग्राहक अडतो. क्रमांकाची नक्कल करणारा मात्र आंत शिरतो. कोरलेल्या नांवावरून डबा कोणाचा हें कळेल, पण जेवला कोण हें कळणार नाहीं.

म्हणून जाळ्यांतील बिघाड शोधण्यास, यंत्रांची मोजदाद ठेवण्यास हा क्रमांक अवश्य वाचावा. माणूस ओळखावयाचा असेल तेथें मात्र परवलीचा शब्द किंवा गुप्त किल्ली मागावी.