ट्रक शिकायला येताना काय घालायचं?

(अवजड वाहन चालवायला शिकणाऱ्या नव्या तुकडीसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



लायसन्सचे नियम तुम्हाला माहीत आहेत. वय 20 पूर्ण हवं, हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स मिळून किमान एक वर्ष झालेलं हवं, मगच ट्रकचं कच्चं लायसन्स. कागद सगळ्यांनी नीट आणलेत. पण मघाशी दारात उभा राहून मी तुमचे पाय बघत होतो. अर्ध्या पायांत चप्पल होती. म्हणून आज फक्त कपड्यांवर आणि पायताणावर बोलणार आहे. हसू नका. आपण काय घालावं याबद्दल घरच्यांना मत असतं, मोहल्ल्याला असतं, ट्रान्सपोर्टच्या मुनशीलाही असतं. गाडीला काय चालतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

चप्पल ब्रेकच्या पेडलखाली सरकली की ब्रेक पूर्ण दाबला जात नाही. काही जण म्हणतात, आम्ही चप्पल काढून चालवतो. काढलेली चप्पल घाटाच्या उतारावर पुढे घसरते आणि त्याच पेडलखाली जाऊन बसते. टाच झाकणारा, सपाट आणि पातळ तळाचा बूट घाला. तळवा जाड असला तर क्लच नेमका कुठे धरतो ते पायाला कळत नाही, आणि तुम्हाला पहिल्या महिन्यात तेच तर शिकायचं आहे. कारखान्याच्या किंवा बंदराच्या गेटवर सेफ्टी शूज मागतात. तो जोड वेगळा ठेवा, खाली उतरताना घाला.

लुंगीचं काय? तुमच्यापैकी कित्येकांचे अब्बा, मामू लुंगीवर देशभर गाड्या घेऊन फिरले. त्यामागे कारण होतं. खाली इंजिन तापलेलं, वर मे महिन्याचं ऊन, अशा केबिनमध्ये जाड पँट घालून बारा तास बसून बघा. 2025 पासून नव्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. पण आपली शिकायची गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे, तेव्हा आशा ठेवू नका. सुती आणि थोडी सैल पँट घाला. शिकताना दिवसातून वीस वेळा पायदानावरून चढ-उतार होते, आणि तिथे लुंगी पायात येते. ती रात्री झोपायला पिशवीत असू द्या. लांब पठाणी कुर्त्याचंही तेच, त्याचं टोक दारात सापडतं. घोट्याच्या वर पँट ठेवायची ज्यांना सवय आहे, त्यांचं मात्र पेडलवर चांगलं जमेल!

आता अंगठी. आपल्यात चांदीच्या, अकीकच्या अंगठ्या पुष्कळ जण घालतात. हौद्यावरून खाली उडी मारताना अंगठी फाळक्याच्या कडीत अडकली, तर अख्ख्या शरीराचं वजन त्या एका बोटावर येतं. बोट जातं. अंगठी घरी ठेवा. तावीज गळ्यात लोंबता नको, दंडाला बांधून बाहीच्या आत घ्या. अम्मीची हरकत असेल तर तिला माझ्याकडे पाठवा, मी बोलतो.

टोपीबद्दल दोघांनी विचारलं. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आपल्या एका मुलाला सांगितलं गेलं, “टोपी काढून ये, मग नोकरीचं बोलू.” माझं म्हणणं सरळ आहे. अंगावरच्या कुठल्याही कापडाला इतकंच विचारा: ते कुठे अडकतं का? नजर अडवतं का? हात-पाय घसरवतं का? डोक्याला घट्ट बसणारी टोपी यातलं काहीच करत नाही. मग ती घालायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मालकाने सुरक्षेचं नाव पुढे केलं, तर कोणता धोका आहे ते दाखवायला अदबीने सांगा. माल चढवताना हेल्मेट घालावं लागतं आणि टोपीमुळे ते नीट बसत नसेल, तर तेवढा वेळ टोपी खिशात. तिथे वाद घालू नका.

पण मग हाच प्रश्न घरातही विचारावा लागतो. मागच्या तुकडीत एक मुलगी पायघोळ बुरखा घालून आली. घरून अट होती, हा घालून शिक, नाहीतर बस घरी. मी तिला काही काढायला सांगितलं नाही. बंद गाडीत बसवलं आणि म्हटलं, आता तू बघ. क्लच दाबताना कापड टाचेखाली आलं. डावीकडच्या आरशात बघायला मान वळवली की नकाबाची कड डोळ्यांसमोर यायची. ट्रकच्या डाव्या बाजूला अख्खा मोटारसायकलवाला दिसेनासा होतो, तिथे बोटभर नजर कमी झालेली चालत नाही. दुसऱ्या दिवशी ती गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, पँट आणि डोक्यावरून ओढून घ्यायचा स्कार्फ घालून आली. स्कार्फची टोकं कुर्त्यात खोचलेली होती आणि पिन एकही नव्हती. धक्का बसला तर पट्ट्याखालची पिन गळ्यातच शिरते. पट्टाही खांद्यावर सपाट बसायला हवा, ओढणीच्या घड्यांवर नाही. आणि बॉनेट उघडून पंख्याच्या पट्ट्याजवळ वाकताना लोंबती ओढणी, मफलर, काहीच नको, मग मुलगा असो की मुलगी.

तिची अम्मी आठवड्यानंतर मैदानावर आली, अर्धा तास उभी राहिली. कपड्यांबद्दल काही बोलली नाही. “एवढी मोठी गाडी मागे घेते?” एवढंच विचारून गेली. मोहल्ल्यात अजून बोलणारे आहेत. मुलगी मैदानापर्यंत बुरख्यात येते आणि जाते, तो तिचा निर्णय. एसटीने महिला चालकांचं प्रशिक्षण 2019 मध्ये सुरू केलं, तेव्हाही लोक बोलतच होते.

रस्सी आणि ताडपत्री ओढायला हातमोजे आणा, पण स्टिअरिंगवर ते काढा, सुती मोजा घसरतो. अंधारात गाडीखाली उतरायचं असेल तर चमकणारं जॅकेट घाला.

उद्या सकाळी सात वाजता मैदानावर या. पहिला तास गाडी सुरू करायची नाही. तोंड केबिनकडे ठेवून, दोन्ही हातांनी धरून नुसतं चढायचं आणि उतरायचं. नवे बूट विकत घेऊ नका, शाळेतले पीटीचे जुने बूट पायाला होत असतील तर तेच घाला.