पावतीची किंमत



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शिकले, पुढे चूल आणि मुले. तरी आज उभी राहिले, कारण माझी एक चूक आपल्या कानांवर घालावी, असे फार दिवस मनात होते.

आमच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलगी सावळी. अंबडला मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातल्या यात्रेत एका पालावर मी गोरेपणाच्या मलमाची डबी घेतली. पंधरा दिवसांत रंग उजळला. मी हरखून गेले. महिन्याभराने चेहरा लाल झाला, आग होऊ लागली, मग काळे डाग पडले. डॉक्टरांनी डबी मागितली. तिच्यावर ना करणाऱ्याचे नाव, ना आत काय घातले त्याची यादी. तक्रार करायला गेले, तर वकिलांनी विचारले, "पावती कुठे आहे?" ती मी मागितलीच नव्हती. पाल केव्हाच उठले होते. दावा लावायचा कुणावर?

माझ्या डबीत काय होते, ते आजही ठाऊक नाही. पण २०२३ साली वर्तमानपत्रांत आले की, अकोल्याच्या एका घरातल्या आई व दोघी मुलींची मूत्रपिंडे असल्याच मलमाने बिघडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपासले, तेव्हा मलमात पारा निघाला. पारा कातडीचा रंग दाबतो आणि कातडीतूनच अंगात भिनतो. २०२० च्या नियमांप्रमाणे मलमात तो मुद्दाम घालता येत नाही. चुकून आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, त्याहून अधिक नाही.

डबीवरचा बॅच नंबर निरुपयोगी नसतो. मुलुंडच्या कारखान्यात २००७ साली झालेल्या जॉन्सन बेबी पावडरच्या १५ बॅचवर इथिलीन ऑक्साइड वायूची प्रक्रिया केली, पण त्याचा अंश मागे राहिला का हे तपासले नाही, या कारणावरून २०१३ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तेथील परवाना रद्द केला. कंपनी त्यावर अपिलात गेली. पण नंबर होते, म्हणून जाब विचारता आला.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे विकत घेतलेली वस्तू फी भरून सरकारी तपासनिसाकडे तपासायला देण्याचा हक्क तुम्हांआम्हांलाही आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तू पाच लाखांच्या आतली असेल तर फीही नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला मिळतो. मात्र हाती पावती आणि डबी हवी.

म्हणून विनंती एवढीच. पावती मागताना संकोच करू नका. संक्रांतीच्या वाणात नावपत्त्याशिवायची डबी लुटू नका.

आणि मुलगी सावळी म्हणून मी तिला उणी लेखले. पावतीच्याही आधीची चूक ती होती.