निवडणे आणि नागरिकधर्म

(सुलतान बाजार, हैदराबाद येथील स्मृतिव्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांच्या नावाला शोभेल असा एखादा वाङ्मयीन विषय मी घ्यावा, ही आपली अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज घरातील कचऱ्याविषयी बोलणार आहे. 'विवेक' या शब्दाचा मूळ अर्थ वेगळे करणे असा आहे. तो ध्यानात घेतला तर हा विषय शाळेला परका वाटणार नाही.

तांदळातील खडे काढणे, पालेभाजी साफ करणे आणि लोकप्रतिनिधी ठरविणे या तिन्ही कामांना मराठीत 'निवडणे' हे एकच क्रियापद आहे. घरात येणारी वस्तू आपण पारखून, निवडून घेतो. घराबाहेर जाणारी मात्र एकाच पिशवीत कोंबून देतो. त्यामुळे निवडण्याचे काम टळत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर जाऊन पडते. आजच्या माझ्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

आपल्या या परिसराला वस्तूंचे पुनर्जीवन नवे नाही. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेणे, रद्दीवाल्याच्या तराजूत वर्तमानपत्रे मोजून घालणे, कोठीच्या दुकानांतून जुनी पाठ्यपुस्तके घेऊन शिकणे, हे येथील अनेक घरांनी केले आहे. जे विकले जाते ते आपण आजही नीट बांधून ठेवतो. प्रश्न उरतो तो ज्याला मोल येत नाही त्याचा. गेल्या काही दशकांत दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या आणि चकचकीत वेष्टने यांनी हा बिनमोलाचा भाग अतोनात वाढविला.

हैदराबाद महापालिकेने २०१५ साली घरोघर दोन डबे वाटले, ओल्या कचऱ्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा. २०१६ साली केंद्र शासनाच्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार वेगळे देणे बंधनकारक केले. डबे आले, नियम आले. पण पुष्कळ घरांत निळ्या डब्यात पीठ किंवा पाणी भरले गेले, हे आपण सारे जाणतो.

न निवडलेला कचरा कोठे जातो? या शहराचा कचरा वर्षानुवर्षे जवाहरनगरला जाऊन साचला. ओले आणि सुके एकत्र कुजले की त्यातून काळे, विषारी पाणी झिरपते. ते जवळच्या मल्कारम तलावापर्यंत पोहोचले. पुढे त्या डोंगरावर आच्छादन घातले गेले. परंतु जमिनीत मुरलेले पाणी आच्छादनाने परत येत नाही. बडी चावडीत घेतलेल्या भाजीची देठे आपण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकतो, तेव्हा त्या गावांच्या विहिरींशी आपला संबंध जडतो.

आता पुण्याचे उदाहरण पाहा. तेथे १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांतील पुष्कळ दलित समाजातील होत्या. १९९६ साली पुणे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था २००८ साली महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. या स्त्रियांचे नागरिकांकडे साधे मागणे होते : कचरा वेगळा करून द्या, म्हणजे आम्हांला घाणीत हात घालावा लागणार नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हे आवाहनही त्यांनी केले. त्या ठिपक्याला खर्च काहीच येत नाही. पण पुडी उघडण्यापूर्वी ती हाताला सावध करते.

म्हणून काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नये; सुटा तुकडा कोणी वेचू शकत नाही. पिशवी विसळून, वाळवून ठेवावी. कागद कोरडा असावा. तेलकट किंवा खरकटा कागद चांगली रद्दीही बिघडवतो. दुकानातील गुळगुळीत छापील पावत्या रद्दीत घालू नयेत, कारण त्या कागदावर रासायनिक लेप असतो. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असे लिहावे, आणि शक्य तर तेलुगू व उर्दूतही लिहावे. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती, जुने सेल आणि मुदत संपलेली औषधे निराळी ठेवावीत. ॲल्युमिनियमचा डबा फेकू नये. खनिजापासून ते बनविण्यास लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ९५ टक्के ऊर्जा पुनर्वापराने वाचते.

कोणी म्हणेल, आम्ही वेगळे देतो, पण गाडीत सारे एकत्र होते. ही तक्रार पुष्कळदा खरी असते. परंतु एकत्र दिलेला कचरा वेगळा करा, असे गाडीवाल्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. वेगळा दिलेला कचरा एकत्र का केला, हा प्रश्न मात्र महापालिकेला ठणकावून विचारता येतो. कर्तव्य आधी पार पडले की मागणीला वजन येते.

संत गाडगे महाराज कीर्तनापूर्वी गावाचे रस्ते स्वतः झाडीत. आपण त्यांच्या खराट्याला हार घालतो आणि आपला खराटा दुसऱ्याच्या हाती देतो. ज्या जातींवर समाजाने शतकानुशतके ही घाण लादली, त्यांचे ऋण नुसत्या भाषणांनी फिटणारे नाही. घरातल्या घरात दहा मिनिटे निवडत बसणे, हा त्या ऋणाचा अगदी पहिला हप्ता आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, या शाळेच्या प्रत्येक वर्गात दोन डबे ठेवण्याचा भार त्यांनी उचलावा; आणि विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा ते स्वतः तपासावेत. गुरुजींच्या स्मृतीला ते मानवेल, असा मला विश्वास वाटतो.