वहीतली एक ओळ

चुलीवर काही असेल तर असू द्या, हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आम्ही सहा जणी आशा आहोत. एरवी तुमच्या दारात येतो, बाळाचं वजन करतो आणि वहीत काहीतरी लिहून निघून जातो. त्या वहीचं पुढं काय होतं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं होतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. पण सुरुवात आमच्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकीच्या वस्तीवर एक सून घरीच बाळंत झाली. पावसानं रस्ता बंद होता आणि दिवसही पुरे भरले नव्हते. बाळ रडलं, पण अगदी बारीक आवाजात. दूध ओढेना, अंग गार लागायचं. दुसऱ्या रात्री ते गेलं. आजी म्हणाली, “बाई, मेलेलंच जन्मलं असं लिही. नाहीतर चौकशीला माणसं येतील आणि पोरीला पुन्हा पुन्हा तेच विचारतील.” वरच्या एका साहेबांचंही म्हणणं पडलं की, मृत्यू दाखवला तर खुलासा लिहावा लागतो. आमच्या मैत्रिणीनं आम्हाला विचारलं. आम्हीच सगळ्यांनी सांगितलं, “जाऊ दे, लिहून टाक.” तिनं वहीत लिहिलं, मृत जन्म.

पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही बैठकीत मागणी केली. वजनाचा काटा बिघडलाय, नवा द्या. बाळाला गुंडाळायला उबदार पिशव्या द्या. त्या वस्तीसाठी बाळंतपणाच्या आधीच गाडीची सोय ठेवा. समोर कागद उघडला गेला. “तुमच्या वस्तीवर वर्षभरात एकही नवजात बाळ गेलेलं नाही. जिथं गेली आहेत तिथं आधी देऊ.” आम्ही गप्प बसलो. काय बोलणार? कागदावरचा आकडा आमच्याच वहीतून गेला होता.

आता गडचिरोलीची गोष्ट सांगतो. आम्ही आज जे काम करतो, त्याची सुरुवात तिथली आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. खेड्यांत बाळं दगावतात हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण किती, कितव्या दिवशी आणि कशानं, हे कुणी नीट मोजलं नव्हतं. त्यांनी मोजायला घेतलं. 39 गावांत काम करायचं ठरलं. शेजारच्या 47 गावांत नवी सेवा नव्हती, पण जन्म आणि मृत्यू तिथंही तसेच मोजायचे होते. दोन्हीकडचं मोजलं नाही, तर फरक आपल्या कामानं पडला की काळच बदलला, हे कसं कळणार?

1993 ते 1995 या काळात दोन्हीकडची परिस्थिती नोंदवली. 39 गावांत जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. दुसरीकडे 58. जवळपास सारखंच.

मग 39 गावांतल्या 39 बायका निवडल्या. पाचवी ते दहावीच्या मधलं शिक्षण, घर आणि शेत सांभाळणाऱ्या, आपल्यासारख्याच. त्या बाळंतपणाच्या वेळी हजर राहायच्या आणि नंतर महिनाभर घरी जायच्या. वजन, ताप, श्वास बघायच्या. बाळाला ऊब कशी द्यायची, अंगावर कसं पाजायचं हे दाखवायच्या. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर आधी दवाखान्यात न्यायला सांगायच्या. घरचे तयार नसतील किंवा नेणं जमत नसेल, तर त्यांच्या संमतीनं तोंडावाटे औषध आणि इंजेक्शन द्यायच्या. आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायच्या.

गावातल्या बाईनं तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, हे पुष्कळ डॉक्टरांना पटण्यासारखं नव्हतं. त्याला उत्तर मिळालं ते आकड्यांतून. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 1997-98 मध्ये, त्या 39 गावांत हजारामागे 62 वरून साधारण 25 वर आकडा आला. शेजारच्या 47 गावांत तो साठच्या जवळच राहिला. 1999 साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पण एका जागी जमलं म्हणून जगानं लगेच मान्य केलं, असं झालं नाही, आणि होऊही नये. गडचिरोलीत बंग होते, तुमच्याकडे कोण आहे, हा प्रश्न रास्तच होता. म्हणून दुसरीकडे पडताळून पाहिलं गेलं. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये आणि उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये. कामाची पद्धत प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी होती, पण बाळांचे मृत्यू तिथंही कमी झाले. 2009 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून सांगितलं की, नवजात बाळासाठी पहिल्या आठवड्यात घरभेटी व्हायला हव्यात. 2011 मध्ये आपल्या सरकारनं हे काम देशभरच्या आशांकडे दिलं.

म्हणजे पहिल्या मोजणीपासून धोरणापर्यंत अठरा वर्षं लागली. आणि सगळंच जसंच्या तसं आलं नाही. इंजेक्शन आमच्या हाती दिलेलं नाही. आमचं काम धोक्याची लक्षणं ओळखून बाळाला वेळेत पुढं पाठवण्याचं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आम्ही सहा वेळा येतो: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीही येतो.

हे सगळं आम्हाला प्रशिक्षणात कळलं, तेव्हा एकच विचार आला. तिथं मोजणी करणाऱ्यांनी आजीच्या सांगण्यावरून ‘मृत जन्म’ लिहिलं असतं तर? सुरुवातीचा आकडा खोटा ठरला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं. मेलेलं जन्मलेलं बाळ आणि रडून मग गेलेलं बाळ, यांची कारणं वेगळी असतात, उपायही वेगळे असतात. आमच्या एका ओळीनं त्या बाळाचा दोन दिवसांचा जीव पुसला गेला आणि त्याला काय हवं होतं तेही पुसलं गेलं.

तेव्हापासून आम्ही खरं तेच लिहितो. पुढच्या वर्षी दोन बाळांचे मृत्यू लिहिले. खुलासा द्यावा लागला, बोलणीही खाल्ली. पण काटा मिळाला, पिशव्या मिळाल्या. गाडीची सोय अजून झालेली नाही. मागणी चालू आहे, आणि आता मागणीबरोबर आकडा जोडलेला असतो.

तुम्हाला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. बाळ जन्मलं की वेळ लक्षात ठेवा आणि ते रडलं का, तेही. आम्ही वजन करू तेव्हा काट्याजवळ या आणि आकडा स्वतः बघा. अडीच किलोच्या खाली असेल तर जास्त जपावं लागतं. आणि बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं मंद झालं, अंग गार पडलं किंवा ढिलं पडलं, श्वास घेताना छाती आत जायला लागली, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा, आम्हालाही बोलवा.

आणि आज्यांनो, एक विनंती तुम्हाला. दुर्दैवानं बाळ गेलंच, तर आम्हाला खरं लिहू द्या. सुनेला कुणी टोचून बोलणार नाही, याची काळजी आपण मिळून घेऊ. त्या सुनेला आम्ही नंतर भेटून सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “रडलं होतं ते. मी ऐकलं होतं.”

पुढच्या गुरुवारी अंगावर पाजण्याबद्दल बोलू. तुमचे प्रश्न केंद्रावर पाठवा, नाहीतर आम्ही दारात येऊ तेव्हा विचारा.