पिवळी वायर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीला बोलावलं म्हणजे तो कवितेवर बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. आज मी मोटारीच्या स्टिअरिंगवर बोलणार आहे. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला यातलं काय कळतं, हा प्रश्न रास्त आहे. कळत नव्हतं, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

आमचे अब्बा मिरज स्टेशनवर अँबॅसडर टॅक्सी चालवायचे. एकदा तिच्या स्टिअरिंगला चीर गेली. अब्बांनी जुन्या बाजारातून दुसरं आणलं, मधला नट सोडला, दोन्ही हातांनी हिसका दिला आणि चाक काढून माझ्या हातात दिलं. आतून एकच वायर येत होती, हॉर्नची. अर्ध्या तासात नवं चाक बसलं आणि अब्बा गिऱ्हाईक घ्यायला गेलेसुद्धा. तेव्हापासून स्टिअरिंग म्हणजे नुसतं एक गोल कडं, ही समजूत माझ्या डोक्यात पक्की बसली. ती पन्नाशी ओलांडली तरी तशीच होती.

आमच्या घरी आता एक छोटी मोटार आहे. सेकंडहँड, पण फार जुनी नाही. आपल्याकडं जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. आमची गाडी त्यानंतरची. माझ्यापेक्षा ती मुलगीच जास्त चालवते. नोकरीसाठी रोज मिरज ते कोल्हापूर जाते आणि येते.

भाच्यानं मला वाढदिवसाला एक स्टिअरिंग भेट दिलं. लाकडी कड्याचं, मधे चकचकीत आरे, आकारानं जरा लहान. कवीला देखणेपण पुरतं. गाडीचं मूळचं स्टिअरिंग उन्हानं चिकट झालं होतंच. एका गॅरेजमध्ये गेलो, त्यानं तासाभरात काम केलं. किल्ली फिरवली तर समोरच्या पट्टीवर एक तांबडा दिवा लागला, बसलेला माणूस आणि त्याच्यापुढं फुगा अशा चित्राचा. तो विझेना. गॅरेजवाला म्हणाला, "काही नाही काका, पाच मिनिटांचं काम आहे." त्यानं तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी दोन वायरींच्या मधे जोडलं आणि दिवा गेला. मी खूश. त्या गॅरेजचं नाव सांगणार नाही, कारण दिवा घालवून द्या असं मीच म्हणालो होतो.

आठ महिने गेले. ईदला अब्बांचे जुने शागीर्द घरी आले. सत्तरीचे गृहस्थ, आयुष्य गॅरेजमध्ये गेलेलं, मी त्यांना चाचाच म्हणतो. जाताना त्यांना स्टँडवर सोडायला निघालो. ते गाडीत बसले आणि स्टिअरिंगकडं बघत राहिले. आमचं बोलणं घरच्या दखनीत झालं, इथं मराठीत सांगतो.

"भाई, हिची पिशवी कुठाय?"

"कसली पिशवी?"

"स्टिअरिंगमधली. एअरबॅग."

मी म्हणालो, दिवा तर लागत नाही. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी मला जुनं स्टिअरिंग दाखवायला सांगितलं. ते आमच्या माळ्यावर होतं. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याशेजारी, पोत्यात गुंडाळलेलं. माझ्या मुलीची एअरबॅग आठ महिने माळ्यावर पडली होती आणि मुलगी कोल्हापूरच्या रस्त्यावर होती.

त्या दिवशी स्टँडवर जाणं राहिलं. चाचांनी मला ओट्यावर बसवून समजावून दिलं. पुढं मीही विचारपूस केली, थोडं वाचलं. गाडीचा संगणक किल्ली फिरवल्याबरोबर एअरबॅगच्या वायरीतून अगदी बारीक करंट पाठवून तपासतो, की पलीकडं पिशवी आहे ना. पिशवी फुगवणाऱ्या सुरुंगाचा विद्युतरोध साधारण दोन ओहम असतो. तेवढाच मिळाला की संगणकाचं समाधान होतं. नाही मिळाला की तो दिवा लावतो, आणि पुष्कळ गाड्यांत मग सगळी यंत्रणाच बंद ठेवतो. शेजारच्या माणसाची पिशवी आणि धक्क्याच्या वेळी आवळला जाणारा पट्टाही. गॅरेजवाल्यानं जो दाणा जोडला तो तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर होता. संगणकाला वाटत राहिलं, पिशवी आहे. आठ महिने रोज सकाळी तो विचारत होता आणि रोज आम्ही त्याला खोटं सांगत होतो.

पिशवी उघडायला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत, असं आपण म्हणतो ना, ते इथं शब्दशः खरं आहे. आणि ती पट्ट्याला जोड म्हणून असते, पट्ट्याऐवजी नव्हे.

मूळ स्टिअरिंग परत बसवायचं ठरलं. चाचा म्हणाले, "मी करीन, पण स्कॅनरवालं पोरगं बोलवू." ती सकाळ मी शेजारी उभा राहून पाहिली, लहानपणी पाना धरून उभा राहायचो तसाच.

आधी पुढची चाकं नाकासमोर सरळ केली. मग किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, आणि चाचा चक्क चहा पीत बसले. कारण विचारलं तर म्हणाले, तार सोडली तरी पिशवीच्या यंत्रणेत थोडी वीज साठवलेली राहते. धडकेत बॅटरीच तुटली तरी पिशवी उघडावी म्हणून ती ठेवलेली असते. ती उतरायला काही मिनिटं द्यावी लागतात. किती, ते त्या त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मग लाकडी चाक निघालं. आत पिवळ्या रंगाच्या वायरी दिसल्या. पिवळी म्हणजे एअरबॅगची, ही जगभरची खूण आहे. त्या वायरींना मीटर लावून बघायचं नाही, मीटरच्या करंटनंही पिशवी उडू शकते. पिशवी हातातून खाली ठेवायची तीही तोंड वर करून. चुकून उघडलीच तर मग ती वरच्या वर फुगते. पालथी असेल तर सगळा डोलारा छताकडं उडेल.

वायरी जिथून येतात तिथं एक चपटी गोल डबी असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. आत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली, पट्टीसारखी वायर. स्टिअरिंग डावीकडं फिरलं की ती आवळते, उजवीकडं फिरलं की सैल होते, किंवा उलट. ही कमान बरोबर मध्यावर असताना चाक बसवलं नाही, तर एका बाजूला पूर्ण वळण घेताना ती ताणून तुटते. हॉर्न गेला, पिशवीही गेली. आमच्या गाडीत ती जरा फिरलेली सापडली. पार्किंगमध्ये कुठं पूर्ण वळण घेतलं असतं, तर तिथंच काम झालं असतं. चाचांनी खुणा जुळवून ती मध्यावर आणली आणि तेव्हा मला आमच्या मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतले कारागीर आठवले. तार चढवताना त्यांचा चेहरा असाच होतो.

शेवटी दात्यांवर चाक बसवलं, एक दातासुद्धा इकडंतिकडं न होऊ देता. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंग किती फिरलंय हे सांगणारा सेन्सर याच जागी असतो, काहींत तर चाकाच्या पाठीलाच अडकलेला. गाडी सरळ चाललीय आणि सेन्सर सांगतोय वळतेय, असं झालं तर घसरण थांबवणारी यंत्रणा गोंधळते, नको तिथं ब्रेक लावू शकते. म्हणून नट नवा वापरून मोजक्या ताकदीनं आवळला, बॅटरी जोडली आणि स्कॅनरवाल्या पोरानं सेन्सरला शून्य कुठं ते शिकवलं.

मग नवं स्टिअरिंग कधी लावायचंच नाही का? तसं नाही. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं, तीच एअरबॅग स्वीकारणारं चाक असेल, तर जाणकाराकडून बसवून घेता येतं. फक्त बटणांसाठी क्लॉक स्प्रिंगमध्ये जादा वायरी लागतात, त्या आपल्या गाडीत आहेत का ते आधी बघावं लागतं. नुसता स्पर्श नको झाला असेल तर मूळ कड्यावरच चामडं शिवून देणारे कारागीर आहेत. आम्ही तेच केलं, आणि लाकडी चाकाच्या किमतीपेक्षा कमीत भागलं. रेझिस्टर घालून बसवायचं चाक मात्र रस्त्यावरच्या गाडीला नको. शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथं माणूस हेल्मेट घालून, चार-सहा पट्ट्यांनी बांधलेला असतो.

भाच्याला हे सांगायला मला दोन दिवस लागले. त्याचं मन मोडायचं नव्हतं. तो म्हणाला, "मामू, मग ते भिंतीला लावा." सध्या ते माळ्यावर आहे, दिवाळी अंकांशेजारी.

मुलीला मी सगळं सांगितलं, आठ महिन्यांचंही. ती रागावली नाही, गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसली तेव्हा मी दारात उभा होतो. तिनं किल्ली फिरवली. तांबडा दिवा लागला, काही सेकंद राहिला आणि विझला. तिनं काच खाली घेतली.

"अब्बू, या वेळी खरंच विझला ना?"