अनाथोथचं शेत आणि साताऱ्याचा दरबार



२००५, २०१९, २०२१. कृष्णेचं पाणी घरात शिरलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना नोहाची गोष्ट जपूनच सांगावी लागते. जलप्रलय ओसरल्यावर देवानं करार केला आणि मेघांत धनुष्य ठेवलं. करार फक्त माणसांशी नव्हता, पशुपक्ष्यांशीही होता. मात्र यापुढे पूर येणारच नाहीत, असं देव म्हणाला नाही. सगळी सृष्टी पुन्हा प्रलयानं बुडवणार नाही, असं म्हणाला. पेरणी आणि कापणी खुंटणार नाही, असंही वचन त्यानं दिलं. तरी माण, खटाव, जत, आटपाडीच्या शेतकऱ्यांना कोरडी गेलेली सालं तोंडपाठ आहेत. म्हणून बायबलमधलं वचन वाचताना नेमकं काय कबूल केलंय आणि कोणासाठी, हे आधी पाहावं. आपल्या मनातलं त्यात घालून वाचलं, की देव शब्दाला जागला नाही असं वाटू लागतं.

अब्राहामानं हारान सोडलं तेव्हा त्याचं वय ७५ होतं. संतती देईन, देश देईन, आणि तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील, असं देवानं त्याला सांगितलं. इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. आणि देश? सारा वारली तेव्हा तिला पुरायलाही त्याची स्वतःची जागा नव्हती. हेब्रोनजवळचं मकपेलाचं शेत, त्यातल्या गुहेसकट, त्यानं ४०० शेकेल रुपे मोजून विकत घेतलं.

त्याआधीचा, उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातला प्रसंग मला सगळ्या बायबलची किल्ली वाटतो. त्या काळी करार करताना जनावरं चिरून त्यांचे भाग समोरासमोर मांडत आणि करार करणारे त्यांच्यामधून चालत जात. शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. इथे अब्राहामानं सगळी मांडणी केली आणि सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली. अंधार पडल्यावर त्या भागांमधून धुमसती शेगडी आणि जळती मशाल सरकत गेली. अब्राहाम गेला नाही. देव एकटाच चालला. करार निभावण्याचा सगळा भार त्यानं स्वतःवर घेतला. पुढे सीनायपाशी इस्राएल लोक एकमुखानं म्हणाले, सगळं पाळू. मोशे डोंगरावरून खाली येईपर्यंत सोन्याचं वासरू उभं राहिलं होतं. सगळं माणसाच्या शब्दावर टांगलेलं असतं, तर तिथेच आटोपलं असतं.

दावीदाला शाश्वत सिंहासनाचं वचन मिळालं. पण इसवी सनपूर्व ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमला वेढा घालून ते जाळलं आणि दावीदाच्या वंशातल्या राजाला बेड्या घालून नेलं. ८९वं स्तोत्र देवाला तोंडावर विचारतं, कुठे गेलं तुझं वचन? ही तक्रार पवित्र शास्त्रातच ठेवलेली आहे, याचं मला फार मोल वाटतं.

त्याच वेढ्यात यिर्मया संदेष्टा राजाच्या पहाऱ्यात कैदेत होता. त्याचा चुलतभाऊ आला आणि म्हणाला, अनाथोथचं माझं शेत तू घे. शत्रूच्या ताब्यात चाललेली जमीन कोण घेणार? यिर्मयानं घेतली. १७ शेकेल रुपे तोलून दिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, मोहोर लावली आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितलं. या देशात पुन्हा घरं आणि शेतं विकत घेतली जातील, असं देवानं कळवलं होतं. सातबाऱ्यावरच्या नावासाठी झगडणाऱ्या आपल्या मुलखात या व्यवहाराचं धाडस समजावून सांगावं लागत नाही. हृदयावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराची गोष्ट याच यिर्मयानं सांगितली. शेवटच्या भोजनात प्रभू येशूनं प्याला हाती घेऊन तोच करार आपल्या रक्तानं पक्का केला. चिरलेल्या भागांमधून जो एकटा चालला, त्यानंच मोडलेल्या कराराची शिक्षाही सोसली.

मत्तय आपल्या शुभवर्तमानाची सुरुवात दावीद आणि अब्राहाम या दोन नावांनी करतो. त्यानं दिलेल्या येशूच्या वंशावळीत कनानी राहाब आहे, मवाबी रूथ आहे. परक्या घरच्या बायका वचनाच्या घरात आल्या. करारांना परके असलेले ख्रिस्तामध्ये जवळचे झाले, असं पौलानं पुढे इफिसच्या लोकांना लिहिलं. आणि गलतीच्या लोकांना सांगितलं, की सगळ्या कुळांचा आशीर्वाद तो हाच. यहुदी लोकांना दिलेली वचनं देवानं मागे घेतली, असं मात्र पौल म्हणत नाही. रोमकरांस लिहिताना तो ते ठामपणे नाकारतो.

सगळी कुळं म्हणजे आपणही. नारायण वामन टिळकांना हे आतून उमगलं होतं. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आला आणि तिथे त्यानं 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. काही मंडळींना हे पटत नव्हतं. मला मात्र ते अब्राहामाच्या वचनाला धरूनच वाटतं, कारण कुळांनी आपलं कूळपण टाकून यावं, असं त्या वचनात कुठेही नाही.

टिळकांना साताऱ्याच्या या कामासाठी दोनच वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहामासह अनेक विश्वासणाऱ्यांची नावं येतात, आणि वचनाचं फळ हाती न येताच ही माणसं विश्वासात मरण पावली, असं लिहिलं आहे. आपल्यावाचून त्यांना पूर्णता यायची नव्हती. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुढे नेलं आणि ६४ अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून आलं ते १९३८ साली.