न लढलेल्या बाईचं युद्ध

(कार्यकर्त्यांच्या अनुभव-लेखन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शिबिरात बोलशील का, असं ताईंनी विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी लेखिका नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली अकरा वर्षं बायकांबरोबर काम करते आहे. माझं लेखन म्हणजे केस-पेपर आणि तिमाही अहवाल. पण एका बाईबद्दल तुम्हाला सांगावं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून आले. ती अमेरिकेतली आहे, सैन्यातली आहे. साम्राज्यवादी फौजेतल्या बाईचं आपल्या शिबिरात काय काम, असं तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील. मीही म्हटलं होतं. आधी ऐकून घ्या, मग भांडू.

तिचं नाव लिंडा व्हॅन डेव्हँटर. जन्म १९४७चा. चांगल्या कॅथलिक घरातली, पाच बहिणींतली एक. नर्सिंगचं शिक्षण झाल्यावर ती आपणहून सैन्यात गेली. देशाला आपली गरज आहे असं तिला मनापासून वाटत होतं. जून १९६९मध्ये, बाविसाव्या वर्षी, ती व्हिएतनामला पोचली. तेव्हा तिथे पाच लाखांवर अमेरिकन सैनिक होते. मध्य व्हिएतनामच्या डोंगराळ भागात प्लेइकू नावाचं गाव आहे. तिथल्या सैनिकी इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत तिची नेमणूक झाली.

काम काय, तर हेलिकॉप्टरमधून जखमी येणार. एकदम येणार. मग कुणाला आधी टेबलावर घ्यायचं, कोण थोडं थांबू शकेल आणि कुणाला घेऊन उपयोग नाही, हे मिनिटभरात ठरवायचं. ज्याला घेऊन उपयोग नाही तो तिथेच एका बाजूला पडून राहणार, आणि तोही एकोणीस-वीस वर्षांचा पोरगाच असणार. हे एक वर्ष.

तिच्या पुस्तकातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. एका मुलाचा चेहरा जवळजवळ राहिलेलाच नाही. रक्त जातंय आणि ही बाटलीमागून बाटली रक्त चढवते आहे. तेवढ्यात त्याच्या कपड्यांतून एक फोटो मिळतो. शाळेच्या नाचाच्या समारंभातला, तो आणि एक मुलगी, दोघं नटलेली. मागे दोघांची नावं आणि १९६८चा मे महिना. तोवर टेबलावर एक केस होती. फोटो पाहिला आणि तिथे माणूस आला. तो वाचला नाही.

आता ही बाई ‘लढली’ का? सैन्याच्या हिशेबात नाही. हातात बंदूक नव्हती, म्हणजे युद्ध नाही. व्हिएतनाममध्ये साधारण अकरा हजार अमेरिकन स्त्रिया सैन्याच्या सेवेत होत्या, त्यांतल्या शंभरातल्या नव्वद नर्स. वॉशिंग्टनच्या काळ्या स्मारक-भिंतीवर अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं आहेत. त्यांत बायकांची आठ. आठहीजणी नर्स.

वर्षभरानं ती परत आली. गणवेशात रस्त्यावर उभी राहून ती विमानतळापर्यंत जायला गाडी मागत होती, तर लोक तिच्यावर थुंकले. घरी आल्यावर तिथले फोटो आईवडिलांना दाखवायला घेतले, पण त्यांना ते बघवेनात. मग तिनं ते उचलून ठेवून दिले. युद्धाला विरोध करणाऱ्या माजी सैनिकांच्या मोर्च्यात गेली, तर तिथल्या पुरुषांनी सांगितलं, तू माजी सैनिकासारखी दिसत नाहीस, तू आलीस तर आम्ही गर्दी जमवायला बाहेरची माणसं आणली असं वाटेल. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. सरकार म्हणतं तू लढली नाहीस, ते एक वेळ समजू शकतं. पण ज्यांच्या जखमा तिनं धुतल्या, त्यांनीही तेच म्हणावं? आपल्यातल्या ज्या मिश्र संघटनांमध्ये काम करून आल्या आहेत, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. मोर्च्याच्या भाकऱ्या थापणारीला आंदोलक कुणी म्हटलंय?

पुढची दहा वर्षं वाईट गेली. दचकून उठणं, रडू कोसळणं, दारू, एकेक नोकरी सुटणं, मोडलेलं लग्न. आपल्याला काय होतंय हे तिला कळत नव्हतं, कारण त्याला अजून नाव नव्हतं. ‘पीटीएसडी’ हा आजार अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला १९८०मध्ये. आणि तोही बऱ्याच जणांना पुरुष सैनिकांचाच आजार वाटायचा. सरकारी खर्चानं एक मोठी पाहणी झाली, तेव्हा दिसलं की व्हिएतनामला गेलेल्या शंभर स्त्रियांपैकी सत्तावीसजणींना कधी ना कधी हा त्रास झालेला होता. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकतीस. म्हणजे न लढलेल्या बायका आणि लढलेले पुरुष यांच्यात फरक किती, तर चारचा.

१९७९च्या सुमाराला ती लिहायला लागली. सुरुवात पुस्तक करायचं म्हणून नव्हती, डोक्यातलं बाहेर काढायचं म्हणून होती. १९८३मध्ये एका सहलेखकाच्या मदतीनं ते ‘होम बिफोर मॉर्निंग’ या नावानं छापून आलं.

इथे मला जरा थांबायचं आहे. आपण समुपदेशनात बायकांना सांगतो, बोल, रड, मन मोकळं कर. ते योग्यच आहे. पण मन मोकळं करणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. लिहिताना ठरवावं लागतं. सुरुवात कुठून? खोलीत कोण कुठे उभं होतं? आधी रक्त दिसलं की फोटो? जी आठवण इतकी वर्षं तिच्या मर्जीनं, रात्री-अपरात्री यायची, तिला ही बाई आता दिवसाउजेडी, टेबलाशी बसून, आपल्या मर्जीनं बोलावते आहे. यानं ती बरी झाली असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. एवढं मात्र झालं, की ती माजी सैनिकांच्या संघटनेत स्त्रियांचा विभाग चालवू लागली, संसदेच्या समित्यांपुढे साक्षी देऊ लागली, आणि ज्या नर्सेसनी नवऱ्यालाही कधी काही सांगितलं नव्हतं त्या बोलू लागल्या.

आता माझं सांगते. माझी पहिली नोकरी एका सरकारी रुग्णालयात होती. कुठल्या, ते राहू दे. जळीत वॉर्ड माझ्याकडे होता. दंडाधिकारी जबाब घ्यायला यायच्या आत सासरची माणसं खाटेभोवती उभी असायची. ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ घरात गॅस असला तरी स्टोव्हच! माझं काम म्हणजे नातेवाइकांना बाहेर काढणं, माहेरी कळवणं, पोरं कुणापाशी आहेत ते बघणं. आणि नुसतं बसणं. नव्वद टक्के भाजलेली बाई पहिल्या दिवशी नीट बोलते. पोराला दूध दिलं का, विचारते. आपल्याला माहीत असतं. तिला माहीत नसतं.

घरी आईनं वांगं भाजायला ठेवलं की मी गच्चीवर निघून जायचे. दोन वर्षं आमच्या घरात भरीत झालं नाही. आईनं कारण कधी विचारलं नाही. मला काही झालंय असं मला वाटलंच नव्हतं. जळली ती होती. मी तर पगार घेत होते.

लिंडाचं पुस्तक मला मिळालं ते त्यानंतर, दुसऱ्या संस्थेत असताना. ते वाचल्यावर मी वॉर्डबद्दल चार पानं लिहिली आणि संस्थेतल्या एका ज्येष्ठ ताईंना दाखवली. त्या म्हणाल्या, ‘बायकांचे एवढे प्रश्न पडलेत आणि तू स्वतःचं काय गात बसलीस?’ लिंडालाही तिच्याच बरोबरीच्या काही नर्सेसनी झोडपलं होतं. तिनं दारूचं लिहिलं, विवाहित डॉक्टरशी जुळलेल्या प्रेमाचं लिहिलं, त्यानं सगळ्या नर्सेसची बदनामी झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. बाईबद्दल काही वाकडं लिहिलं की जग सगळ्याच बायकांना धरतं. पण म्हणून नर्स देवी आणि कार्यकर्ती समई, असंच लिहीत राहायचं का? आपल्या अहवालांत कुणी दमत नाही, कुणाला कुणाचा राग येत नाही. असं कुठे असतं?

दुसरी गोष्ट मला जास्त अवघड वाटते. पुढे मी एका वाचलेल्या बाईवर लेख लिहिला. नाव बदललं, गाव बदललं. छापून आल्यावर काही दिवसांनी ती केंद्रात आली. भांडली नाही. म्हणाली, ‘ताई, नाव बदललंत, पण दुकानाची पायरी तशीच ठेवलीत. नणंदेनं ओळखलं.’ मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘तुम्ही तुमचं लिहा ना.’ तेव्हापासून कुणाबद्दल लिहिलं तर आधी तिला वाचून दाखवते. ती नको म्हणाली तर फाडते. आणि त्या फोटोचा प्रसंग मी पुन्हा वाचला. त्या मुलाचं आयुष्य लिंडानं रचलेलं नाही. तिचे हात काय करत होते, तिला काय दिसलं, फोटो पाहिल्यावर तिच्यात काय तुटलं, एवढंच आहे. तरी त्या फोटोतल्या मुलीला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न माझ्यापुरता उरतोच.

आता भांडणाकडे येते. व्हिएतनामी बायकांचं काय? बाँब त्यांच्या घरांवर पडत होते. खरं आहे. लिंडाचं पुस्तक वाचताना ही बोच राहते. पण १९९१मध्ये तिनं जोन फ्युरी या दुसऱ्या नर्सबरोबर युद्धातल्या स्त्रियांच्या कवितांचा संग्रह संपादित केला. फ्युरी प्लेइकूच्याच इस्पितळातली. त्या संग्रहात व्हिएतनामी स्त्रियांच्या कविताही घेतल्या आहेत. उशिरा, पण घेतल्या.

स्मारकाचंही थोडक्यात सांगते. डायॲन कार्लसन इव्हान्स या नर्सनं १९८४पासून स्त्रियांच्या स्मारकासाठी पाठपुरावा केला. पहिला आराखडा संबंधित आयोगानं फेटाळला. बायकांना दिलं तर उद्या आणखी कोण कोण मागतील, हा सूर होता. ११ नोव्हेंबर १९९३ला स्मारक उभं राहिलं. तीन स्त्रिया आणि एक जखमी सैनिक. एकीच्या मांडीवर तो आहे, दुसरी आभाळाकडे बघते आहे, बहुधा हेलिकॉप्टरची वाट. तिसरी गुडघ्यांवर बसून खाली बघते आहे. मी फक्त छायाचित्रात पाहिलंय. मला ती तिसरी ओळखीची वाटते.

लिंडा १५ नोव्हेंबर २००२ला गेली. पंचावन्न वर्षांची होती. जंगलांची पानं झडवायला फवारलेल्या रसायनांनीच आपला आजार झाला, असं तिचं म्हणणं होतं.

चहा झाल्यावर आपण लिहायला बसू. विषय मोठा घेऊ नका. कामावरचा एकच तास घ्या. पोलीस चौकीत बसलेला, पंचनाम्याचा, इस्पितळाच्या व्हरांड्यातला, कुठलाही. त्या तासात तुमचे हात काय करत होते तिथून सुरुवात करा. दुसरीची गोष्ट आलीच, तर तिची पायरी तेवढी पुसा. वाचून दाखवायची सक्ती नाही, वही कुणी गोळा करणार नाही. लिहिता लिहिता उठावंसं वाटलं तर उठा. मागच्या खोलीत दोघीजणी बसलेल्या असतील, त्या काही विचारणार नाहीत. आणि आज दुपारच्या जेवणात भरीत आहे असं स्वयंपाकघरातून कळलंय. मी आता खाते.